कोटीला हलका विनोद ठरवणे मेंदूच्या कामाशी जुळते का?

मूळ लेखन
कोटी ऐकल्यावर लोक हसतातही आणि तोंड वाकडे करून कपाळाला हातही लावतात. या दुसऱ्या प्रतिक्रियेवरून कोटीला विनोदातील खालची पायरी मानले जाते, हे मला अन्यायाचे वाटते. डेव्हिड स्विनी यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रोत्यांना द्व्यर्थी शब्द असलेला मजकूर ऐकवला आणि तो शब्द संपताच पडद्यावर अक्षरे दाखवून त्यांचा खरा शब्द होतो का, हे विचारले. संदर्भावरून अर्थ स्पष्ट असतानाही दोन्ही अर्थांशी संबंधित शब्द लवकर ओळखले गेले. पुढे तीन अक्षरे ऐकून होईपर्यंत मात्र प्रसंगाला साजेसा अर्थ तेवढा जागा राहिला. नको असलेला अर्थ बाजूला सारण्याचे हे काम आपल्या नकळत चालते आणि कोटी करणारा नेमका तोच अर्थ पुन्हा समोर आणतो. शाळेत सभंग श्लेषासाठी शिकवल्या जाणाऱ्या 'औषध न लगे मजला' या दमयंतीच्या उत्तरात तर शब्दच नव्याने तोडावे लागतात: आईला नकार ऐकू येतो, पण 'नल गे' असे वाचले की नलराजा हेच औषध ठरते. इतके काम करवून घेणारा प्रकार हलका कसा?

प्रतिसाद १
असहमत. स्विनी यांचा प्रयोग साध्या वाक्यांच्या आकलनाचा होता. दोन्ही अर्थ रोजच क्षणभर जागे होत असतील, तर त्यातून हसू का येते हे कळत नाही आणि कोटीची प्रतही ठरत नाही. माझ्या मते कपाळाला हात जातो तो संभाषण तुटल्यामुळे. कोणी आजारपणाविषयी सांगत असताना दुसऱ्याने त्यातला एक शब्द उचलला, की बोलणाऱ्याला आपले म्हणणे ऐकलेच गेले नाही असे वाटते, आणि ते खरेही असते.

मूळ लेखक
प्रयोगाविषयीचा आपला आक्षेप मान्य आहे. परंतु विनोद गोयल आणि रेमंड डोलन यांनी २००१ मध्ये मेंदूची चित्रे घेऊन शब्दनिष्ठ आणि अर्थनिष्ठ विनोदांची तुलना केली. कोट्या ऐकताना डाव्या बाजूचे, उच्चाराशी संबंधित भाग अधिक सक्रिय झाले, तर अर्थनिष्ठ विनोदांच्या वेळी दोन्ही बाजूंचे शंखखंड, म्हणजे कानशिलांमागचे भाग. गंमत वाटण्याशी निगडित असलेला मध्यवर्ती अग्रभाग मात्र दोन्हींत एकच होता. वाटा निराळ्या असल्या तरी आनंदाचे ठिकाण एक आहे, म्हणून उच्च-नीच भेदाला इथे आधार मिळत नाही.

प्रतिसाद २
ठिकाण एक असल्याने मोल सारखे ठरत नाही. शिवाय आपण दोघेही ऐकणाऱ्याविषयीच बोलत आहात. मेंदूच्या अग्रखंडाला इजा झालेले काही रुग्ण अनावरपणे कोट्या करत राहतात. हर्मान ओपेनहाइम यांनी १८९० मध्ये या लक्षणाला नाव दिले. समोरचा कंटाळला आहे याचे भान त्यांना राहत नाही. शब्दांचे नाद जुळत राहणे इजेनंतरही टिकते आणि ढळतो तो संयम, यावरून मला वाटते की कोटी सुचणे ही विशेष बुद्धीची खूण नव्हे. ती कधी करू नये हे कळण्यातच खरे कसब आहे.

प्रतिसाद १
दमयंतीचे उदाहरण याच कारणाने वेगळे आहे. तिला आईपासून प्रेम लपवायचे आहे आणि ते बोलूनही दाखवायचे आहे, म्हणजे दोन्ही अर्थ प्रसंगाला हवे आहेत. आजाऱ्यापुढे केलेल्या कोटीतला दुसरा अर्थ कोणालाच नको असतो.