दोघींच्या वाचनाच्या पॉडकास्टसाठी शुअर एसएम५८ घ्यावा की ऑडिओ-टेक्निका एटी२०२०?

प्रश्न

नमस्कार. मी आणि माझी मावसबहीण मिळून जुन्या पत्रांच्या वाचनाचा पॉडकास्ट सुरू करीत आहोत. एकीने पत्र वाचायचे आणि दुसरीने त्यातील संदर्भ उलगडायचे, असे त्याचे स्वरूप आहे. आतापर्यंतचे ध्वनिमुद्रण फोनवर केले, परंतु त्यात प्रत्येक वाक्याच्या मागे खोलीचा घुमारा ऐकू येतो. दोन एक्सएलआर (माइकच्या तीन टोकांच्या) जोडण्यांचा आणि ४८ व्होल्ट फँटम पॉवर (काही माइकना तारेतूनच लागणारी वीज) देणारा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडणारी पेटी, आमच्याकडे आहे. आता एकाच प्रकारचे दोन माइक घ्यायचे असून निवड एसएम५८ आणि एटी२०२० या दोहोंत अडली आहे. कागदावर एटी२०२० सरस दिसतो, कारण त्याची कंप्रतेची कक्षा (तो टिपू शकणाऱ्या खालच्या ते वरच्या स्वरांची मर्यादा) २० ते २०,००० हर्ट्झ, तर एसएम५८ ची ५० ते १५,००० हर्ट्झ आहे. मात्र एटी२०२० सारखा कंडेन्सर, म्हणजे फँटम पॉवरवर चालणारा संवेदनशील माइक खोलीतले सगळे आवाज ओढून घेतो असे अनेकांकडून ऐकले. आमच्या खोलीत फरशी आणि उघड्या भिंती आहेत. बहिणीचा आवाज मृदू आहे, माझा खणखणीत. कोणता घ्यावा?

पहिले उत्तर

एसएम५८ घ्यावा. बोलण्यासाठी कक्षेच्या आकड्यांना फारसे महत्त्व देऊ नका. स्त्रीच्या आवाजाची मूळ कंप्रता साधारणपणे २०० हर्ट्झच्या आसपास असते आणि शब्द स्पष्ट करणारी व्यंजने बहुतांशी २,००० ते ८,००० हर्ट्झच्या पट्ट्यात येतात. १५,००० च्या वर बोलण्यातले फार थोडे उरते. मी एका उघड्याबोडक्या खोलीत वर्षभर कंडेन्सर वापरला आणि पंख्याची घरघर काढून टाकण्यात माझे कित्येक तास गेले. एसएम५८ सारखा डायनॅमिक, म्हणजे वेगळी वीज न लागणारा माइक दूरचे आवाज घेतच नाही, त्यामुळे ती कटकट संपते.

दुसरे उत्तर

निष्कर्ष योग्य आहे, परंतु दिलेले कारण मला पटत नाही, आणि कारण चुकले तर एसएम५८ घेऊनही घुमारा तसाच राहील. एटी२०२० ची संवेदनशीलता एका पास्कलला सुमारे १४ मिलिव्होल्ट आहे आणि एसएम५८ ची दोनपेक्षा किंचित कमी, म्हणजे फरक साधारण १७ डेसिबलचा. परंतु एसएम५८ वापरताना आपण तेवढा गेन (इंटरफेसवर माइकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण) वाढवतोच, आणि गेन वाढला की आवाजाबरोबर खोलीही तितकीच वर येते. दोन्ही माइक कार्डिऑइड आहेत, म्हणजे समोरचे अधिक आणि पाठीमागचे सर्वांत कमी घेतात. ते तोंडापासून सारख्याच अंतरावर ठेवले, तर घुमाऱ्यात लोक समजतात तेवढा फरक राहत नाही.

खरा फरक अंतराचा आहे. तोंड आणि माइक यांतील अंतर निम्मे केले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, मात्र भिंतींवरून परतणारा आवाज जवळपास आहे तेवढाच राहतो. वीतभर अंतरावरून चार बोटांवर आलात की आवाज आणि घुमारा यांतील तफावत साधारण ९ डेसिबलने आपल्या बाजूला झुकते, आणि कोणत्याही सॉफ्टवेअरने घुमारा पुसण्यापेक्षा हे कितीतरी स्वच्छ असते. एसएम५८ हा १९६६ पासून गायकांच्या हाती असलेला माइक. त्याच्या गोल जाळीच्या आत फोम असतो, आणि जवळून बोलल्यावर वाढणारा खर्ज जमेस धरूनच त्याची खालची बाजू उतरती ठेवलेली आहे. म्हणून तो चार बोटांवर ठेवणे शक्य होते. एटी२०२० इतका जवळ आणला तर ‘फ’, ‘भ’, ‘ध’ यांसारख्या महाप्राण अक्षरांचे श्वास त्यावर आदळतात, त्यामुळे माणूस आपोआप मागे सरकतो आणि खोली आत येते.

तिसरे उत्तर

वरील विवेचन मान्य करूनही एटी२०२० ची बाजू मांडावीशी वाटते, कारण येथे प्रश्न वाचनाचा आहे. वाचणाऱ्याची मान कागदाबरोबर हलते. चार बोटांवरच्या माइकपासून तोंड थोडे जरी दूर गेले, तरी आवाजाची पातळी आणि खर्ज दोन्ही बदलतात. वीतभर अंतरावर तेवढ्याच हालचालीने फारसे बिघडत नाही. शिवाय मृदू आवाजासाठी एसएम५८ ला ५५ डेसिबलच्या आसपास गेन लागू शकतो, आणि तुमच्या इंटरफेसची कमाल मर्यादा तेवढीच असेल तर शेवटच्या टोकाला इंटरफेसचीच सूं ऐकू येईल. खरेदीपूर्वी इंटरफेसच्या माहितीपुस्तिकेत हा आकडा अवश्य पाहावा. भिंतींवर जाड रजया टांगणे शक्य असेल, तर मी एटी२०२० आणि पॉप फिल्टर (तोंडातून येणारे श्वासाचे झोत अडवणारी जाळी) सुचवीन. मात्र एटी२०२० च्या बाजूने बोलायचे असते, टोकाकडून नव्हे. ही चूक फार जण करतात आणि दोष माइकला देतात.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल एकच परिच्छेद फोनवर आधी वीतभर आणि मग चार बोटांवरून वाचून पाहिला. दुसऱ्या मुद्रणात घुमारा इतका मागे गेला की बहिणीला खोली बदलल्यासारखे वाटले. आमच्या इंटरफेसचा कमाल गेन ६९ डेसिबल आहे, म्हणजे ती अडचण नाही. रजया रोज टांगणे जमणार नाही, त्यामुळे एसएम५८ घेण्याचे ठरवले आहे. पत्र हातात धरण्याऐवजी माइकच्या मागे, डोळ्यांच्या उंचीवर उभे ठेवले तर मान हलणार नाही, असे वाटते. दोघींनी समोरासमोर बसावे की शेजारी?

दुसरे उत्तर देणारे

समोरासमोर बसा, म्हणजे प्रत्येकीच्या माइकची पाठ दुसरीकडे राहील आणि तिचा आवाज त्यात कमीत कमी शिरेल. तोंडापासून माइक जितका दूर, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये असावे. तुमच्या चार बोटांच्या हिशेबात ते सहज साधेल. माइक ओठांच्या थेट समोर न ठेवता किंचित बाजूला ठेवून त्याचे तोंड ओठांकडे वळवा, आणि पत्र ओठांना अगदी समोरासमोर न ठेवता किंचित तिरपे ठेवा, कारण कार्डिऑइड माइकला सर्वाधिक ऐकू येणारी भिंत बोलणाऱ्याच्या पाठीमागची असली, तरी ताठ कागदावरून परतणारा आवाजही ‘स’ आणि ‘श’ यांना कडक करतो.