मासळी आणायला पिशवीऐवजी काय नेता?

मदत हवी आहे. भाजी-किराणा कापडी पिशवीत येतो, दह्याला बरणी नेते. अडलंय ते मासळीपाशी. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, तरी आमच्या बाजारात बांगडे पातळ पिशवीत आणि ती आणखी एका पिशवीत घालूनच हातात पडतात. मागच्या रविवारी स्टीलचा डबा नेला. मावशींनी हसत भरून दिला, पण बोंबलांचं पाणी झाकणातून गळलं आणि रिक्षाभर वास! (रिक्षावाल्याचा चेहरा विसरणार नाही.) कडीचा, रबर लावलेल्या झाकणाचा डबा कुणी वापरतं का? रबराला वास धरतो का? बेसन-लिंबाने जातो? आणि अख्खी सुरमई घ्यायची तर काय करता, तिथेच तुकडे करून घेता?