मदत हवी आहे - बटाट्याचं बेणं मातीतच सडतंय

मंडळी, थोडंसंच रान आहे, बटाटा आजोबांच्याच पद्धतीने लावतो म्हणजे घरचं बेणं कापायचं, फोडीला २-३ डोळे ठेवायचे, राख चोळायची आणि सरीत टाकायचं. यंदा घाईघाईत कापलं त्याच दिवशी लावलं, त्यात ओल जास्त, निम्म्या फोडी सडल्या, उकरून बघितलं तर नुसता लगदा अन् वास! आई म्हणते काप २-३ दिवस सावलीत सुकू द्यायचा होता, पटतंय पण आता काय उपयोग. नांगे (सडून रिकाम्या पडलेल्या जागा) भरायला अख्खं बारीक बेणं लावू का? आणि मग झाडांच्या बुडाशी मातीची भर कधी देऊ, पहिली झाडं २५ दिवसांची झालीत, उशीर केला तर बटाटे उघडे पडून हिरवे होतात.