शिरोळकडं टेम्पो न्यायचाय, त्यात नेमकं काय भरू?

कोथरूडकर_मंडळ
आमच्या गणेश मंडळानं पूरग्रस्तांसाठी २ लाख ४० हजार रुपये जमवलेत. शिरोळ तालुक्यात कृष्णेकाठच्या एखाद्या गावाला थेट मदत पोचवायची आहे. टाटा ४०७ ठरवलाय, परवा निघायचा विचार आहे. सोसायट्यांतून जुन्या कपड्यांची ३५-४० गाठोडीही आलीत. माझे तीन प्रश्न. एका कुटुंबाच्या किटमध्ये काय आणि किती द्यावं? वाटप कसं करावं म्हणजे झुंबड होणार नाही? आणि पाणी शुद्ध करायला टीसीएल (ब्लीचिंग पावडर) न्यायची म्हणतात, ती किती न्यायची? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

राजापूर_बंधारा
परवाच का? आधी पाणी बघा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांच्या धोका पातळीखाली आली की पुण्याची माणसं समजतात पूर ओसरला. शिरोळचं गणित वेगळं. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, पुढचा मुलूख सपाट, त्यामुळं पाणी मागं फुगतं. कोल्हापूर कोरडं झालं तरी आलास, बुबनाळ, खिद्रापूर, बस्तवाड या बाजूला पाणी रेंगाळतं. सांगलीचा आयर्विन पूल ४० फुटांच्या इशारा पातळीखाली उतरलेला बघा, मग तहसील कार्यालयाला फोन करून कुठला रस्ता सुटलाय ते विचारा. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता आणि दोन्ही बाजूंना मालट्रक अडकून पडले होते. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७.

आता किट. माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ, २५ ते ३० ग्रॅम तेल असा हिशोब धरा. पाच माणसं, सात दिवस म्हणजे धान्य १४ किलो, डाळ २ किलो, तेल १ लिटर. धान्यात तांदूळ ६ किलो, गव्हाचं पीठ ५ किलो, उरलेलं चुरमुरे, पोहे, फुटाणे. गहू किंवा ज्वारी अख्खी देऊ नका. गिरणीची मोटर पाण्यात गेलेली असते, वीजही नसते, मग पोतं घेऊन बाई गावभर फिरते. डाळ मसूर किंवा मुगाची द्या, तूर शिजायला गॅस जास्त खाते. मीठ १ किलो, साखर अर्धा किलो, चहा पावडर पाव किलो आणि कांदा-लसूण मसाला २०० ग्रॅम. मसाला विसरू नका. तो नसेल तर तुमची डाळ तशीच पडून राहील.

घरी परतल्यावर पहिले तीन-चार दिवस चूल पेटत नाही. शेगडीच्या बर्नरमध्ये गाळ बसलेला असतो, सिलिंडर कुठं तरी वाहून गेलेला असतो. म्हणून भडंग, शेंगदाण्याची चिक्की, गूळ, बिस्किटं वरच्या बाजूला वेगळ्या पिशवीत ठेवा. काडेपेटी सादळते, लायटर द्या. लहान मुलांच्या दुधाची पावडर अजिबात नको. गढूळ पाण्यात कालवली की दुसऱ्या दिवशी हगवण. अंगावर पाजणाऱ्या आईला पोटभर खायला मिळणं जास्त गरजेचं आहे.

लोक हमखास चुकतात ते भांड्यांत. स्टीलची पातेली, ताटं चिखलातनं धुऊन निघतात. गादी, वाकळ, सतरंजी निघत नाही. पूर उतरल्यावर नदीकाठच्या गल्लीत जाऊन बघा, दारापुढं कापूस लोंबणाऱ्या काळ्या गाद्यांचा ढीग असतो आणि शेजारच्या पायरीवर भांडी घासून उपडी घातलेली असतात. तेव्हा भांड्यांचा पैसा दोन सतरंज्या, तीन चादरी आणि एका प्लॅस्टिक चटईत घाला. फरशी महिनाभर ओल सोडते.

पुढचं सामान झाकणाच्या २० लिटरच्या बादलीत मावेल तेवढं भरा, उरलेलं वरून बांधा. अंगाचे ५ साबण, कपड्याचे ४, सॅनिटरी पॅडची २ पाकिटं, ओआरएसची १० पाकिटं, क्लोरीनच्या गोळ्या, बॅटरी, टॉवेल, फिनेल. बादली पाणी साठवायला आणि घर धुवायला दोन्हीकडं उपयोगी पडते. धान्याचं पोतं साधारण २० किलो आणि बादली-अंथरूण ५-६ किलो. ४०७ मध्ये सव्वादोन-अडीच टन धरा, म्हणजे ९० कुटुंबं. तुमच्या पैशात माणशी नाही, चुलीमागं साधारण २,६०० रुपये बसतात. टेम्पोचं भाडं वजा करून ८५ धरा.

पाणी_पुरवठा
टीसीएलबद्दल लिहितो, कारण यात सगळ्यात जास्त गोंधळ असतो.

३३ टक्के क्लोरीनच्या पावडरीचा नेहमीचा डोस १००० लिटरला ५ ग्रॅम. पण पुराचं पाणी शिरलेल्या आडाला किंवा विहिरीला हा डोस पुरत नाही. आत मेलेलं जनावर, गाळ, संडासाच्या टाकीचं पाणी असं सगळं आलेलं असतं. आधी उपसा, मग १००० लिटरला १५० ग्रॅमचा जबर डोस, १२ ते २४ तास तसंच ठेवायचं, मग ते सगळं पाणी परत उपसून टाकायचं. नवीन पाणी भरलं की नेहमीचा डोस सुरू.

आडातलं पाणी मोजायचं असं: ०.७८५ × व्यास × व्यास × पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले १०००. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे साधारण २८,२६० लिटर. जबर डोस सव्वाचार किलो, नेहमीचा १४० ग्रॅम. म्हणजे एका आडाला पहिल्या झटक्यात पाच किलो पावडर लागते. तुम्ही २५ किलोची एक गोणी नेली तर मध्यम गावातले चार-पाच आड आणि वर काही दिवस निभावतील.

पावडर थेट विहिरीत भिरकावू नका. बादलीत थोडं पाणी घालून लापशीसारखी कालवा, मग बादली पाऊण भरा, १० मिनिटं निवळू द्या. तळाशी चुना बसतो. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत ओता, ती दोरीनं पाण्यात सोडून वर-खाली खेचा म्हणजे तळापर्यंत मिसळतं. चुना विहिरीत टाकला की पाणी पांढरं होतं, लोक ते प्यायचं सोडून परत नदीवर जातात.

अर्ध्या तासानं ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी) घ्या. नळीतलं पाणी फिकट पिवळं झालं पाहिजे. विहिरीवर ०.५ आणि शेवटच्या घरी निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन लिटरमागं राहिला पाहिजे. रंगच आला नाही तर दोन कारणं संभवतात. एक, पाणी गढूळ आहे, क्लोरीन गाळातच खपला. दुसरं, पावडर मेलेली आहे. गोणी उघडी राहिली, सादळली, ढेकळं झाली, नाकाला वास झोंबत नाही, अशी पावडर फक्त पांढरी माती. २० टक्क्यांखालची वापरायची नाही. घेताना उत्पादनाची तारीख बघा आणि टेम्पोत धान्यापासून लांब ठेवा. त्याच्या वासानं पीठ खराब होतं.

उपशाबद्दल एक सावधगिरी. भोवतालची जमीन पाण्यानं टम्म असताना विहीर घाईनं रिकामी केली की बाहेरच्या पाण्याचा दाब दगडी बांधकामाला आत ढकलतो आणि कडा ढासळतो. टप्प्याटप्प्यानं उपसा. त्या वेळी आत कुणी उतरायचं नाही.

घरगुती वापराला क्लोरीनच्या गोळ्याच बऱ्या. पण पाकिटावर वाचा, १ लिटरची गोळी वेगळी आणि २० लिटरची वेगळी. एक लिटरची कळशीत टाकून लोक निर्धास्त होतात. गढूळ पाण्यात आधी तुरटी फिरवा, तासाभरानं निवळ दुपदरी फडक्यातनं गाळून घ्या, मगच गोळी.

कोथरूडकर_मंडळ
खूप आभार. जुन्या कपड्यांचं काय करू? लोकांनी मनापासून दिलेत.

राजापूर_बंधारा
पुण्यातच ठेवा. मनापासून दिले असतील, पण ओल्या हवेत ती गाठोडी शाळेच्या व्हरांड्यात कुजतात, ग्रामपंचायतीला ती हलवायला ट्रॅक्टर लावावा लागतो. वर दुसऱ्याची उतरलेली साडी नेसायची वेळ आणणं बरं नाही. नवीन परकर, अंतर्वस्त्रं, लहान मुलांचे कपडे, लुंगी याच्या पन्नास-पन्नास जोड्या वेगवेगळ्या मापांत घ्या. ते कुणी देत नाही आणि मागायला बायका लाजतात.

तलाठी_सजा
वाटपाबद्दल. मुख्य रस्त्यावरच्या पहिल्या गावात थांबू नका. सगळे टेम्पो तिथंच थांबतात, तिथं बिस्किटांचे डोंगर होतात आणि आतल्या वाडीला काही पोचत नाही. तहसीलला गावाचं नाव विचारा. एकच गाव किंवा एकच गल्ली पूर्ण करा, अर्धं गाव केलं की भांडण तुम्ही लावून आलात.

यादी आदल्या दिवशी हवी. ग्रामपंचायत, रेशन दुकानदार आणि आशाताई अशा तिघांची यादी ताडून बघा. एका घरात दोन भावांच्या दोन चुली असतील तर दोन किट. भाडेकरू आणि गावाबाहेरच्या पालातली ऊसतोड किंवा वीटभट्टीची कुटुंबं मतदार यादीत नसतात, त्यांना मुद्दाम विचारून घ्या. घरोघरी शिक्का मारलेलं कूपन द्या, त्यावर वेळ लिहा, एका तासात २० घरं. वाटप शाळेच्या पटांगणात, एका दारानं आत, दुसऱ्यानं बाहेर. टेम्पोच्या फाळक्यावर उभं राहून कधीही वाटू नका. म्हातारी माणसं आणि विधवा बाया मागं राहतात, धडधाकट पोरं तीन-तीन नेतात. आणि फोटोसाठी कुणाला किट हातात धरून उभं करू नका.

लोकांना एक गोष्ट जरूर सांगा. घर धुवायच्या आधी फोटो काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ, तिच्याशेजारी धरलेली टेप, दारावरचा घर नंबर, सगळं एका चौकटीत. मग खुशाल साफ करा, पंचनाम्यासाठी चिखलात बसून राहायची गरज नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली राहिलेल्या किंवा पूर्ण पडलेल्या घरातल्या कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये होते. राज्य सरकार वेळोवेळी निर्णय काढून यात भर घालतं, तो चावडीत विचारा. घराच्या पडझडीचे पैसे मालकाला, पण कपडे-भांड्यांचे राहणाऱ्या कुटुंबाला. भाडेकरूंनी हे ठणकावून सांगावं. आधार, बँक पासबुक, रेशनकार्ड भिजलं असेल तर सावलीत वाळवून फोटो काढून ठेवा. पासबुकाचा खाते क्रमांक पंचनाम्यात एका आकड्यानं चुकला तर पैसे परत जातात आणि मग चकरा.

गोठा_आणि_वैरण
माणसांचं झालं, जनावरांचं कुणी विचारत नाही. मोठ्या जनावराला दिवसाला १५ किलो ओला किंवा ६ किलो वाळला चारा लागतो. कडब्याच्या गंजी बुडालेल्या असतात, बुरशी आलेला कडबा घालू नका. उसाचं वाढं मिळेल, पण गाळानं माखलेलं धुतल्याशिवाय नको. दुसरा टेम्पो करणार असाल तर मुरघासाच्या (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) ५० किलोच्या बंद पिशव्या उत्तम, पावसात भिजत नाहीत. सुरुवातीला ५ किलोच द्या.

मोठी चूक म्हणजे निवारा केंद्रात उरलेला भात आणि चपात्या जनावरांपुढं ओतणं. चार दिवस उपाशी असलेली म्हैस पाटीभर भात खाते, पोटात आम्ल वाढतं, रात्रीत बसते ती उठत नाही. घटसर्प आणि फऱ्याची लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून टोचून घ्यावी.

मेलेलं जनावर पुरण्याआधी पशुधन अधिकाऱ्याकडून तपासणी आणि पंचनामा. कानातला १२ अंकी बिल्ला दिसेल असा फोटो काढा, बिल्ला कापून फेकू नका. वर सांगितलेल्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये होते, तीन जनावरांपर्यंत. पुरताना सहा फूट खड्डा, वरून चुना, विहिरीपासून लांब.

पाणी_पुरवठा
घरात शिरण्याआधीचं राहिलं. पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यात असताना उभ्या राहतात आणि पाणी उतरल्यावर दोन-तीन दिवसांनी पडतात, कारण बाहेरचा आधार जातो आणि आतली माती अजून ओलीच असते. भिंत फुगलेली, कोपरा सुटलेला दिसला तर आत जायचं नाही. मेन स्विच बंद, वायरमननं तपासल्याशिवाय बोर्डाला हात नाही. अडगळ काठीनं हलवायची, घोणस आणि नाग कोरड्या जागेला येऊन बसलेले असतात. गाळ ओला असतानाच ओढायचा, काळ्या मातीचा गाळ एकदा वाळला की पहारीनं फोडावा लागतो. म्हणून टेम्पोत गावासाठी सामाईक १० खोरी, १० घमेली, १० वायपर, गमबूट आणि रबरी हातमोजे टाकाच. चिखल्या झालेल्या पायांनी चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा) धोका असतो. त्यावरची डॉक्सीसायक्लिन आरोग्य केंद्रातूनच घ्यायची. गरोदर बाया आणि आठ वर्षांखालच्या पोरांना ती चालत नाही, तेव्हा किटमध्ये गोळ्या घालू नका.

कोथरूडकर_मंडळ
यादी बदलली. ८५ किट, टीसीएलची एक गोणी आणि ओटी संच, सामाईक हत्यारं. कपडे उतरवले. तहसीलनं आतल्या बाजूचं गाव सांगितलंय, रस्ता उद्या सुटेल म्हणतात. गोणी केबिनमध्ये चालकाशेजारी ठेवली तर चालेल ना?

पाणी_पुरवठा
नको, बंद केबिनमध्ये त्याचे डोळे चुरचुरतील. मागं फाळक्याशी, दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधून, खाली फळी टाकून ठेवा. वर ताडपत्री.