उन्हाळ्यात बर्फ नको, पंखा लावा
मे महिन्यात माशांच्या टाकीतलं पाणी थंड ठेवायला बर्फाचे तुकडे सोडा, असं काही जण सुचवतात, ते मला अजिबात पटत नाही. तापमान एकदम खाली-वर झालं की मासे आजारी पडतात, अंगावर पांढरे ठिपके येतात. त्यापेक्षा झाकणाऐवजी जाळी ठेवा आणि पाण्यावरून आडवा वारा जाईल असा छोटा पंखा लावा. आपल्या नागपूरच्या कोरड्या उन्हात कूलर चालतो तसंच हे चालतं, पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. पावसाळी दमट हवेत मात्र फारसा उपयोग नाही. वाफ होऊन पाणी जातं, क्षार मागेच राहतात, म्हणून नुसती भर न घालता आठवड्याला थोडं पाणी बदलाच.

टाकीत पाणवनस्पती दाट असतील तर रात्री एअर पंप सुरूच हवा. अंधारात त्याही ऑक्सिजन घेतात, गरम पाण्यात तो आधीच कमी. गुरामी मासा पाण्याच्या वर तोंड काढून हवा घेऊन तगतो. गोल्डफिशचे हाल होतात.