मदत हवी आहे: वॉर्शॉस्की ही गुप्तहेर-मालिका कुठून सुरू करावी?

स्यू ग्राफ्टनच्या किन्सी मिलहोन या गुप्तहेर बाईच्या पुस्तकांचा क्रम सोपा, नावांतल्या इंग्रजी अक्षरांचाच. 'ए' 1982 चं, 'वाय' 2017 चं. 'झेड' राहिलंच, लेखिका त्याच वर्षी गेली. कथेतला काळ मात्र जेमतेम 1989 पर्यंत सरकतो, म्हणून मोबाइल नाही. किन्सी कार्डांवर एकेक मुद्दा लिहिते नि पत्ते पिसावेत तशी ती पिसून बघते! मधलंच पुस्तक उचललं तरी अडत नाही, फक्त 'जे'मध्ये सापडणाऱ्या नातेवाइकांचा धागा तुटतो.

आता सारा पॅरेत्स्कीची शिकागोची गुप्तहेर व्ही. आय. वॉर्शॉस्की वाचायची आहे. तीही 1982 चीच. पहिल्यापासून जावं की मधून चालेल? आर्थिक घोटाळ्यांची गुंतागुंत कमी असलेलं एखादं सुचवा. आधीच्या पुस्तकातला गुन्हेगार कोण ते पुढच्या कुठल्या पुस्तकात फुटतं तेही सांगा, अर्थात नाव न घेता.