‘डेव्हिल इन द डार्क’ चाळीस वर्षांनी पुन्हा पाहिला. आई आणि लेकीसोबत पुढे काय पाहू?

सांजवारा

नमस्कार मंडळी. स्टार ट्रेकची जुनी, म्हणजे अवकाशयानाचा कप्तान कर्क आणि त्याचा अधिकारी स्पॉक यांची मालिका पाहिलेल्यांकडून सल्ला हवा आहे. आधी थोडं सांगते, म्हणजे मला नेमकं काय हवंय ते कळेल. शेवटही सांगणार आहे, त्यामुळे ज्यांना हा भाग पाहायचा आहे त्यांनी आधी पाहून या.

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ही मालिका लागायची. आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारच्या काकूंच्या घरी आम्ही सात-आठ मुलं जमिनीवर मांडी घालून बसायचो. इंग्रजी कुणालाच धड कळायचं नाही. एका भागात अंधाऱ्या बोगद्यात पहाऱ्यावर एक माणूस एकटाच उभा असतो. खरवडल्यासारखा आवाज येतो, तो वळतो, किंचाळतो, आणि खलास. पुढे दगडासारखं काहीतरी जमिनीवरून सरपटत येतं. मी तिथूनच पळाले. महिनाभर संध्याकाळी मोरीत एकटी जात नव्हते. शेवट कधी पाहिलाच नाही, त्यामुळे इतकी वर्षं माझ्या डोक्यात ती एका राक्षसाची गोष्ट होती.

गेल्या शनिवारी तो भाग पुन्हा लावला. सोबत आई (वय ७६) आणि लेक (वय १०). आईला इंग्रजी येत नाही, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. जेनस सहा नावाचा ग्रह, पर्जियम नावाच्या खनिजाची खाण, पन्नास माणसं मेलेली, आणि अणुभट्टीचा पंप त्या प्राण्यानं पळवलेला. खाणीचा प्रमुख व्हॅन्डरबर्ग टेबलाशी बसून तावातावानं बोलतोय. मी पंपाचं समजावत होते आणि आई मला मध्येच विचारते, “ते टेबलावरचे गोळे कुठून आणले गं यांनी?” मी म्हटलं, थांब, आधी पंपाचं ऐक.

पंधरा-वीस मिनिटांनी कळलं की सगळी गोष्ट त्या गोळ्यांतच होती. ती अंडी. दर पन्नास हजार वर्षांनी होर्टांची, म्हणजे त्या दगडी प्राण्यांची, जमात मरते, एकच मागे उरते आणि साऱ्या पिल्लांची आई होते. माणसांनी खाणीचा नवा थर उघडला, हजारो गोळे निरुपयोगी दगड म्हणून फोडले. तिनं दुसरं काय करायचं होतं?

मला सगळ्यात भिडलं ते मधलं एक वळण. सुरुवातीला स्पॉक म्हणतो, ही तिच्या जातीतली शेवटची असेल तर मारणं गुन्हा ठरेल. कर्क म्हणतो, मारा. मग कर्क बोगद्यात एकटा तिच्यासमोर अडकतो आणि स्पॉक यंत्रावरून ओरडतो, लगेच मार तिला. आता कर्कचा हात थांबलेला. दोघांनीही आपलं म्हणणं बदललं, आणि दोघांचंही मला पटलं.

आता प्रश्न. आम्हा तिघींना दर शनिवारी असा एक जुना भाग पाहायचा आहे. अटी अशा: १९९५ च्या आधीचा असावा, मागचंपुढचं माहीत नसलं तरी चालावं, तासाच्या आत संपावा, फार रक्त नसावं, आणि मला चालू असतानाच मराठीत सांगता येईल इतपत संवाद असावेत. आणि ज्याला समोरचा राक्षस समजतो त्याची बाजू त्यात असावी.

एक अडलेलंही विचारते. होर्टा दगडावर तीन शब्द कोरते, ‘नो किल आय’. आईला काय सांगू ते कळेना. “मला मारू नका” म्हटलं, पण लगेच वाटलं की चुकलं.

मुक्कामपोस्ट

पुढचा भाग ‘अरीना’, दुसरा विचारच करू नका. तोही जीन कून यांनीच लिहिला आहे (फ्रेड्रिक ब्राऊन यांच्या कथेवरून) आणि दिग्दर्शकही तेच, जोसेफ पेव्हनी. जानेवारी १९६७ मध्ये तो आला, तुमचा ‘डेव्हिल’ ९ मार्चला, आणि दोनच आठवड्यांनी ‘एरंड ऑफ मर्सी’, ज्यात क्लिंगॉन ही शत्रू जमात पहिल्यांदा दिसते. हे तीन भाग याच क्रमानं पाहा. तिन्हींत कर्क रागानं पेटून सुरुवात करतो आणि शेवटी त्याला आपल्याच रागाकडे बघावं लागतं. कून १९७३ मध्येच गेले. मालिकेचं नाव निघालं की तिचे निर्माते रॉडनबेरी यांचं कौतुक होतं, ते योग्यच आहे, पण या मालिकेला मन दिलं ते कून यांनी, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या अटींत ‘अरीना’ चपखल बसतो. मधला बराच वेळ कर्क आणि सरड्यासारखा गॉर्न दोघंच उघड्या डोंगरात. संवाद कमी. कर्क गंधक, कोळसा आणि सोरा गोळा करून बांबूची तोफ बनवतो. लेक खूश होईल. घरी प्रयोग करू देऊ नका एवढंच.

गारगोटी

मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते आणि मूलद्रव्यांच्या चौदाव्या गणाला दरवर्षी होर्टाची गोष्ट सांगते. लेकीला सांगता येईल असं लिहिते.

आपलं शरीर कार्बनच्या साखळ्यांवर उभं आहे, होर्टा मात्र सिलिकॉनची दाखवली आहे. सिलिकॉन आवर्तसारणीत कार्बनच्या बरोबर खाली बसतो आणि त्यालाही चार हात. म्हणून विचार येतो की त्याचाही जीव का नसावा? अडचण अशी की कार्बनला ऑक्सिजन भेटला की वायू होतो, तो आपण श्वासातून सहज सोडतो. सिलिकॉनला ऑक्सिजन भेटला की होते वाळू. म्हणजे होर्टानं आपल्यासारखा श्वास सोडला तर नाकातून वाळू पडेल! शिवाय सिलिकॉनच्या लांब साखळ्या टिकत नाहीत, ऑक्सिजन दिसला की तो त्यालाच घट्ट धरून बसतो. पृथ्वीच्या कवचात वजनानं चौथ्या हिश्शाहून जास्त सिलिकॉन आहे, तरी जीवसृष्टीनं निवडला कार्बनच.

तरीही दार पूर्ण बंद नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत फ्रान्सेस आर्नोल्ड यांच्या गटानं उष्ण झऱ्यातल्या एका जिवाणूचं प्रथिन थोडं थोडं बदलत नेलं आणि त्याच्याकडून कार्बन-सिलिकॉन बंध जुळवून घेतला. आणि सिलिका तर आपल्या ताटाशेजारी आहे. भाताच्या तुसात भरपूर असते. गवताच्या पात्यानं बोट कापतं त्यातही तिचा हात आहे. लेकीच्या हातात तूस द्या आणि म्हणा, ही होर्टाची लांबची नातलग.

माझी एक तक्रारही आहे. होर्टा आम्ल सोडून खडक विरघळवते. सिलिकेचा खडक खाणारं आम्ल म्हणजे हायड्रोफ्लोरिक. ते तिच्या स्वतःच्या अंगाला कसं लागत नाही? मुलं दरवर्षी विचारतात आणि मी दरवर्षी म्हणते की आपल्या जठरातलं आम्ल आपल्याला कुठं खातं, तसंच काहीतरी अस्तर असेल. त्यांचं समाधान होतं, माझं अर्धवटच.

तुमच्यासाठी भाग: स्टार ट्रेकच्याच पुढच्या मालिकेतला, म्हणजे ‘नेक्स्ट जनरेशन’मधला ‘होम सॉइल’, १९८८. वाळूत राहणारा अजैव जीव माणसांना काय म्हणतो? पाण्याच्या कुरूप पिशव्या. हे मराठीत सांगायला छान वाटेल.

इरईकाठ

मी चंद्रपूरचा. वडील कोळशाच्या भूमिगत खाणीत होते, तीस वर्षं. सल्ला नंतर देतो, आधी खाणवाल्यांची बाजू मांडू द्या.

हा भाग पाहिलेली बहुतेक मंडळी व्हॅन्डरबर्गला दुष्ट म्हणतात. मला ते सहन होत नाही. खाली उतरताना प्रत्येकाला दिवा आणि नंबरचा बिल्ला मिळतो. पाळी सुटली की बिल्ला परत खिळ्यावर लागतो. एक खिळा रिकामा राहिला तर वर उभ्या असलेल्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. मी लहानपणी वडिलांचा डबा घेऊन तिथं उभा राहिलो आहे. त्या माणसाचे पन्नास खिळे रिकामे आहेत हो. तो ओरडणार नाही तर काय करेल?

म्हणूनच मला या भागातला जमावाचा प्रसंग मोठा वाटतो. हातात दांडकी घेऊन खाणवाले धावत येतात, कर्क त्यांना अडवतो आणि सांगतो की हे गोळे तिची अंडी आहेत. आणि ते थांबतात. पन्नास माणसं गेलेली असताना थांबतात! खाणीत काम करणाऱ्याला दगडाचं ऐकायची सवय असते. वडील छताला काठी ठोकून आवाजावरून सांगायचे, इथं पक्कं आहे, इथं पोकळ आहे. दगडात जीव आहे हे त्यांना पटायला मला वाटतं आपल्यापेक्षा कमी वेळ लागला असता.

सल्ला: ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेतली सिल्युरियनांची गोष्ट, १९७०. जमिनीखाली संशोधन केंद्र, गुहा, आणि माणसांच्या आधी पृथ्वीवर राहणारे सरीसृप. तुमच्या भागासारखाच पेच, उत्तर वेगळं.

मुक्कामपोस्ट

इरईकाठ, गोष्ट चांगलीच आहे, पण तिचे सात भाग आहेत. तासाची अट मोडते. आणि शेवट असा आहे की दहा वर्षांच्या मुलीसोबत पाहणार असाल तर नंतर अर्धा तास बोलायला राखून ठेवावा लागेल.

इरईकाठ

मान्य. पण तो अर्धा तास बोलावा लागतो म्हणूनच सुचवली.

जुनीफीत

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. २००६ पासून या मालिकेच्या नव्यानं झळकवलेल्या प्रती आल्या. त्यात अवकाशातली दृश्यं आणि रंगवलेले देखावे संगणकावर पुन्हा केले आहेत. ब्लू-रेवर जुनं की नवं ते निवडता येतं. तुम्ही जुनंच निवडा. काकूंच्या टीव्हीवर तुम्ही जे पाहिलं होतं तेच ते.

होर्टा कोण होता तेही लेकीला सांगा. यानोश प्रोहास्का, बुडापेस्टमध्ये जन्मलेला कसरतपटू. असे पोशाख तो स्वतः बनवायचा आणि स्वतःच आत शिरायचा. होर्टाचा पोशाख म्हणजे ‘आउटर लिमिट्स’ या दुसऱ्या मालिकेच्या १९६५ मधल्या शेवटच्या भागात वापरलेल्या राक्षसी सूक्ष्मजंतूचंच सुधारलेलं रूप. पुन्हा पाहाल तेव्हा तिच्या कडेच्या झालरीकडे बघा. जखम झाल्यावर झालर जमिनीवर कशी थरथरते! आत एक माणूस गुडघ्यांवर, चेहरा नाही, हात नाहीत, आवाज नाही, आणि तरी आपल्याला तिची वेदना कळते. हा अभिनय आहे, आणि फार वरच्या दर्जाचा. प्रोहास्का १९७४ मध्ये चित्रीकरणाच्या कामावर असताना विमान अपघातात गेला. मुलगाही सोबत होता.

कर्कचं काम करणाऱ्या शॅटनरचे वडील हा भाग चित्रित होत असतानाच वारले. अंत्यविधी उरकून तो परत येऊन कामाला उभा राहिला. त्याचा हा आवडता भाग आहे, असं त्यानं सांगितलं आहे.

भाग सुचवायचा तर ‘ट्वायलाइट झोन’ या जुन्या अमेरिकी मालिकेचा ‘द इन्व्हेडर्स’, १९६१. पंचवीस मिनिटं. एकट्या राहणाऱ्या बाईच्या घरावर काहीतरी उतरतं. अ‍ॅग्नेस मूरहेड पूर्ण भागात एक शब्द बोलत नाही. शेवटचे काही क्षण सोडले तर तुम्हाला भाषांतर करावंच लागणार नाही. थोडा भीतिदायक आहे, दिवे लावून पाहा.

ओवी

मी भाषांतराचं काम करते, म्हणून ‘नो किल आय’वर थांबले. सांजवारा, तुम्हाला चुकल्यासारखं वाटलं ते बरोबरच आहे. कर्क स्वतःच विचारतो की ही विनवणी आहे की वचन? मला मारू नका, की मी मारणार नाही? स्पॉकलाही नक्की सांगता येत नाही. तुम्ही “मला मारू नका” म्हटलंत की वचन गेलं. “मी मारणार नाही” म्हटलंत की विनवणी गेली.

दोन दिवस डोक्यात घोळत होतं. ‘नाही मारणे मी’ करून पाहिलं, पण ते नुसतं मोडकं वाटतं. मग सुचलं: “मारणं नको.” कुणी कुणाला, ते उघडंच राहतं. आणि आपल्याकडे थकलेलं माणूस असंच बोलतं ना, भांडण नको, मारामारी नको. तिच्या तोंडी शोभतं.

याच वाटेनं पुढे जायचं तर ‘डारमॉक’ पाहा, ‘नेक्स्ट जनरेशन’, १९९१. यातले परके लोक फक्त आपल्या इतिहासाचे दाखले देऊन बोलतात. शब्द कळतात, अर्थ लागत नाही. इंग्रजी प्रेक्षकाला ते कोडं वाटतं, आपण मात्र रोज तसंच बोलतो. “परीक्षेत पानिपत झालं”, “मध्ये कुणीतरी ध चा मा केला.” इतिहास माहीत नसलेल्याला यातलं काय कळेल? त्यांचं ‘शाका, भिंती पडल्या तेव्हा’ ऐकलं की आईंना बिनधास्त “पानिपत” म्हणून सांगा.

सांजवारा

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! काल रात्री आईला ओवींचं “मारणं नको” सांगितलं. ती म्हणाली, “हां, आता बरोबर. त्या दिवशी तू सांगितलंस तेव्हा ती नुसती घाबरलेली वाटली होती.” मग पुन्हा तेवढाच प्रसंग लावायला लावला. डॉक्टर मॅकॉय होर्टाच्या जखमेवर काँक्रीट लिंपतो आणि म्हणतो, मी डॉक्टर आहे, गवंडी नाही, तिथे हसली. लेकीला होर्टाला स्पॉकचे कान आवडतात हेच सगळ्यात आवडलंय.

गारगोटी, तूस मिळालं. गावाकडून तांदूळ येतो त्या पोत्याच्या तळाशी थोडं होतं. लेकीनं ते डबीत भरून वर होर्टा असं लिहून ठेवलंय. इरईकाठ, तुमचं बिल्ल्याचं वाचून मी व्हॅन्डरबर्गबद्दल माझं मत बदललं. पुढच्या वेळी त्याचा चेहरा नीट पाहीन.

ठरलं ते असं: या शनिवारी ‘अरीना’, मग ‘इन्व्हेडर्स’, मग ‘डारमॉक’. सिल्युरियन दिवाळीच्या सुट्टीत, रोज एक भाग. ‘इन्व्हेडर्स’च्या वेळी मी गप्प बसणार आहे असं आईला सांगितलंय. ती म्हणाली, बरं होईल, गोळे नीट बघता येतील.